न ओरडणारं कोकरू

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तर सगळंच लागलेलं असायचं. दाराबाहेर पानं वाजली की मी कडी लावून बसे. माझ्या सासूबाई, काशीआत्या, खो खो हसायच्या. "राही, तू उंदराला बी वाट सोडशील गो!" हसायला काय जातं? त्या अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून. आमचे हे मुंबईला गिरणीत. गावाबाहेर कातळाच्या कडेला आमचं घर, त्यात आम्ही दोघी बायका आणि मागच्या गोठ्यात चार शेळ्या. अशा घरात ज्याला भीती वाटत नाही त्याला अक्कल नाही, असं माझं तेव्हाही मत होतं.

गिरण्यांचा मोठा संप झाला त्याच्या आदल्या सालची गोष्ट. भातं कापून झाली आणि घाटावरचे धनगर नेहमीसारखे मेंढरं घेऊन खाली उतरले. आमच्या रत्नागिरीकडे मेंढरं कोणी पाळत नाही, आमच्या पावसात ती टिकत नाहीत. पण धनगर आले की जो तो त्यांना आपल्या खाचरात बसवायला धावायचा, कारण रात्रभर कळप बसला की लेंड्यांचं खत आयतं मिळे. बिरू धनगराचा कळप आमच्या खाचरात बसला असताना त्याची एक मेंढी व्याली आणि मेली. मागे दोन कोकरं राहिली. काळीकुट्ट, ओली, आणि पायावर उभंही राहता येत नव्हतं. आमच्या एका शेळीचं करडू नुकतंच गेलेलं, तिला दूध होतं. बिरू कोकरं माझ्या ओटीत ठेवून म्हणाला, "जगीव ताई. वैशाखात घाट चढताना न्हेतो. पर एक ध्येनात धर. चुलीपाशी वाढलेलं कोकरू कळपात ऱ्हात न्हाई. त्येला बाहेरचं जगणं शिकीव."

शेळीने त्यांना अंगाला लावून घेतलंच नाही, लाथ मारली. मग मीच दूध काढायचं, कोमट करायचं, बांबूच्या कांड्यातून थेंब थेंब सोडायचं. थोरली होती ती भराभर प्यायला शिकली. धाकल्याच्या तोंडात चिंधी धरावी लागे. तो माझं बोटही चोखायचा. चुलीच्या उबेला दोघं झोपत, आणि मी उठून उठून त्यांच्या नाकाशी हात धरून बघे, श्वास चालू आहे ना. मेली तर बिरूला काय सांगू, ही एक नवी भीती मला लागली. पुढे पुढे बिरूचं भय राहिलंच नाही. धाकल्या मेला तर माझं काय होईल, याचंच भय राहिलं.

दोघं पायांत घुटमळू लागली. मी पाण्याला निघाले की मागे, मी शेण लावते आहे तर अंगावर. मी नुसतं "धाकल्याऽ" म्हटलं की तो जिथे असेल तिथून ओरडत यायचा. आत्या म्हणत, "पोर होईल तेव्हा होईल, सराव चांगला चाललाय."

माघात बिबट्या आला. आत्या त्याचं नाव घेत नसत, 'जनावर' म्हणत. शेजारच्या वाडीतल्या पडवीतून त्याने कुत्रा उचलला. दिवेलागणीला, पडवीत माणसं बसलेली असताना! मग दोन शेळ्या गेल्या, एक वासरू गेलं. आत्यांचं हसू त्या दिवसापासून बंद झालं, आणि त्या हसत नाहीत हे बघून मी अर्धी मेले. "कोकरं आता घरात नको," त्या म्हणाल्या. "वासावर आलं तर दार मोडून आत येईल. गोठ्याचा कूड मजबूत हाय. शेळ्यांत घाल."

थोरलीने कुरकुर केली आणि शेळ्यांच्या पोटाशी जाऊन झोपली. धाकल्या ओरडत राहिला. दिवसभर कातळावर शेळ्यांबरोबर चरायला सोडला तरी परत येऊन दारात उभा. सांजेला गोठ्यात कोंडला की त्याचं सुरू. सगळ्या रानाला ऐकू जाईल असा आवाज. मी धावत जाई, कुडाच्या काठ्यांमधून बोट आत घाली, तो ते चोखत गप्प होई. बोट काढलं की पुन्हा सुरू.

ते ओरडणं जनावराच्या आधी धोंडूने ऐकलं. धोंडू म्हणजे खोताचा शिकारी. त्याच्याजवळ ठासणीची बंदूक होती आणि तिच्याहून मोठा आवाज त्याच्या फुशारक्यांचा. तो गोठ्यापाशी उभा राहून ऐकत राहिला.

"वैनी, शेळी बांधली तर घटकाभर ओरडते नि मग गप बसते. ह्ये कोकरू माणसासाठी ओरडतंय. ह्ये थांबायचं नाय. चैती पुनवेला ह्येला झाडाखाली बांधतो नि वर माळ्यावर बसतो. खोतास्नी सांगून ठेवतो."

मी आत्यांकडे पाहिलं. आत्या जमिनीकडे बघत होत्या. खोताची जमीन आम्ही कसायचो. नाही म्हणणार कोण? आणि म्हणावं तरी कोणत्या तोंडानं? त्या जनावराला अख्खा गाव भीत होता, मी सगळ्यांत जास्त. ते मरायला मलाही हवं होतं. पण धाकल्याला झाडाखाली बांधायचं, आणि तो मला हाका मारणार, आणि त्या हाकांवर ते येणार! बिरू तेव्हा खाली समुद्राच्या बाजूला उतरलेला. त्याला निरोप कोण देणार?

दोन दिवस नुसती रडले. मग डोक्यात आलं ते असं. तो ओरडतो म्हणून तो हवा आहे. त्याचं ओरडणं थांबलं तर धोंडूला त्याचं काय काम?

मी गोठ्याकडे जाणं सोडलं. आत्या दूध पाजू लागल्या, मग दूधही तोडलं. पण अंगणात माझा आवाज झाला की तो ओरडे. म्हणून मी निगडीची फोक तोडून आणली. कातळावर उभी राहिले आणि हाक मारली, "धाकल्याऽ!" तो उड्या मारत आला. मी त्याला फोक मारली. त्याला वाटलं खेळ आहे, पुन्हा आला. मी नाकावर मारली. तो जरा मागे सरला, माझ्याकडे बघत राहिला आणि पुन्हा आला. माझा हात उचलेना. मागून आत्या म्हणाल्या, "मार गो. आज मारलंस तर जगंल."

रोज हाक, रोज फोक. हाक मारली की तो आधी थबकू लागला. मग पळू लागला. मग माझी हाक आली की जिथे असेल तिथे अंग चोरून उभा राही आणि तोंडातून आवाज काढत नसे. शेळ्यांच्या मधोमध झोपू लागला. थोरलीबरोबर करवंदीचा पाला ओरबाडू लागला. बिरूने सांगितलेलं सगळं तो शिकला. आत्या म्हणाल्या, "जमलं हो तुला." मी जेवले नाही त्या दिवशी.

पुनवेला ऊन कलल्यावर धोंडू येऊन त्याला घेऊन गेला. पऱ्याच्या, म्हणजे आमच्या ओढ्याच्या काठी ऐनाच्या झाडावर माळा बांधलेला, खाली खुंटाला दोर. मी दारात बसून कान देऊन ऐकत होते. काही नाही. दिवस बुडाला, तरी काही नाही. मी देवाला हात जोडले.

मग धोंडू अंगणात उभा. घामाघूम आणि चिडलेला.

"मुकं झालंय कोकरू. कान पिळला तरी हूं नाय की चूं नाय. वैनी, तू चल. तुझ्या हाकेला ओ देतंय ते, मी ऐकलंय माझ्या कानांनी."

"बाईमाणसाला रानात नेतोस या वेळेला?" आत्या कडाडल्या.

"खोतांनी सांगितलंय."

खोतांनी सांगितलं होतं की नव्हतं, हे त्याचं त्याला ठाऊक. मी कमरेला कोयती खोचली आणि त्याच्या मागे निघाले. चंद्र वर येत होता आणि झाडांखाली तरीही काळोख होता. धोंडूने मला एका करवंदीच्या जाळीपाशी बसवलं, आणि स्वतः चटाचट माळ्यावर चढला.

"मार हाक."

मी हाक मारली. धाकल्या खुंटापाशी उभा होता, त्याने कान मागे पाडले आणि जमिनीला पोट लावलं. आवाज नाही.

"मोठ्यानं मार!"

"धाकल्याऽऽ!" माझा आवाज पऱ्यापलीकडे जाऊन परत आला. पुन्हा, आणि पुन्हा. तेवढ्यात वरच्या अंगाला एक वानर खाकरलं. मग दुसरं, त्याच्याहून जवळ. जनावर दिसल्याशिवाय वानरं खाकरत नाहीत, एवढं आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. मी हाक अर्धीच सोडली.

"थांबू नको," धोंडू वरून कुजबुजला. "मारत राहा."

मी मान वर केली. बंदुकीची नळी कोकराकडे नव्हती. ती माझ्या जाळीच्या रोखाने होती. त्या रानात आता ओरडणारं एकच होतं, आणि ती मी होते. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतात म्हणे. ह्या मेल्याने माझ्या गळ्यावर ठेवली होती.

मी ओरडायचं बंद केलं आणि उठले. त्या क्षणी मला जनावर आठवलं नाही, खोत आठवला नाही. मी सरळ खुंटाकडे धावले. धाकल्या मला बघून उधळला, दोर संपेपर्यंत मागे गेला, गळफास बसला, जीभ बाहेर आली, तरी आवाज काढेना. मी कोयतीने दोर तोडला. तो माझ्या अंगावरून उडी मारून काळोखात नाहीसा झाला. वर धोंडूने शिवी हासडली, मागच्या जाळीत काही तरी जड सळसळलं आणि बार निघाला. मी मागे पाहिलं नाही. लुगडं वर धरून पळत सुटले.

बार लागला की नाही, देव जाणे. गावात धोंडूने सांगितलं की कोकराने दोर कुरतडला. बाईला खाली बसवून आपण वर बसलो होतो, हे तो कुठल्या तोंडाने सांगणार? आणि हेही सांगितलं की ते कोकरू मुकं आहे, आमिषाच्या कामाचं नाही.

घरी पोचले तर आत्या गोठ्याच्या दारात कंदील धरून उभ्या. "आलाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या आधी आला. आत शिरलाय."

मी आत वाकले. शेळ्यांच्या मागे तो थरथर कापत होता, गळ्याला दोराचा वळ. मला त्याला पोटाशी धरायचं होतं. झालं रे बाळा, संपलं सगळं, असं सांगायचं होतं. मी पाऊल टाकलं आणि तो कुडावर धडकला. पुन्हा धडकला. जनावराच्या तोंडातून सुटून आलेलं ते कोकरू, पण माझ्यापासून दूर पळायला कूड फोडत होतं.

मी बाहेर आले आणि कुडाला टेकून खाली बसले. रडू आवरेना. आवाज आत गेला तर तो पुन्हा धडकेल, म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि रडले. बऱ्याच वेळाने आत्यांनी माझा हात धरला, उठवलं आणि घरात नेलं.