ड्वेनच्या गोठ्यातलं एकत्र कुटुंब

आमचं ड्राय फोर्क नेब्रास्कात आहे. टीव्हीच्या मते मात्र ते कोलोरॅडोत आहे. हे कोणी आणि कधी ठरवलं ते मला माहीत नाही, पण डिश लावली की आमच्या घरात डेन्व्हरची स्थानिक चॅनल येतात. कुठल्या हमरस्त्यावर गाड्या तुंबल्यात, ते आम्हाला रोज सकाळी काळजीच्या सुरात सांगितलं जातं. आमच्या गावात एकच सिग्नल आहे आणि तोही नुसता पिवळा लुकलुकतो.

यावर गावानं उपाय काढला होता. माझ्या नवऱ्याचा, म्हणजे ओर्विलचा, चुलतभाऊ ड्वेन पूर्वेला दीड तासावर राहतो. तिथे नॉर्थ प्लॅटची चॅनल मिळतात. कंपनीला फोन करायचा, आम्ही घर बदललं म्हणायचं आणि ड्वेनचा पत्ता द्यायचा. डिश जिथल्या तिथेच ठेवायची. उपग्रहाचा झोत आमच्या गावापर्यंत पोचतो, त्याला पत्ता वाचता येत नाही. हळूहळू अर्धं ड्राय फोर्क कागदोपत्री ड्वेनकडे राहायला गेलं. ड्वेनची तक्रार नव्हती. नाताळात त्याच्याकडे इतके केक जात की त्याची कुत्री जाड झाली.

बाकीच्यांना आपल्या राज्याच्या बातम्या आणि फुटबॉल हवा होता. ओर्विलला टेसा हवी होती.

टेसा आमची मुलगी. नॉर्थ प्लॅटच्या चॅनलवर ती संध्याकाळी सहाला हवामान सांगते. कॉलेज संपवून आली तेव्हा तिनं बापाला सांगितलं होतं की आठवडाभर पाऊस नाही, गुरांचा लसूणघास कापून वाळत टाका. त्यानं सगळं रान कापलं आणि दुसऱ्याच दिवशी ते सगळं भिजलं. बरं, झालं ते झालं. पण हा माणूस थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता पाहुण्यांसमोर म्हणाला, "चार वर्षांची फी भरली, त्यापेक्षा माझा गुडघा बरा. पाऊस यायच्या आधी दुखून तो फुकट सांगतो." टेसा ताटावरून उठली आणि गाडी काढून निघून गेली. त्याला आता दोन वर्षं होतील. मी तिच्याशी दर रविवारी बोलते, तेव्हा ओर्विल कोंबड्यांना दाणे घालायला जातो. आमच्या कोंबड्या कधीच मेल्यात.

आणि हाच माणूस रोज पावणेसहाला हात धुऊन, केस विंचरून टीव्हीसमोर बसायचा. ती दिसली की बोलायला लागायचा. वाळलीस, म्हणायचा. तो निळा कोट तुला शोभत नाही. तिच्या नकाशाची पश्चिमेकडची कड आमच्या अलीकडेच संपते, त्यावर तर रोज बडबड: स्वतःच्या बापाचं गाव नकाशात घेता येत नाही हिला. मी म्हणायची, फोन करून सांग की. मग तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. आपण तिला बघतो हे तिला कळू द्यायचं नाही, असं त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. मला दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटायची, पण पोरगी दोन तासांवर आणि बाप माझ्या दुप्पट वजनाचा.

मे महिन्यात गारा पडल्या. लिंबाएवढ्या. परसातल्या कुंड्यांमधली निम्मी टोमॅटोची रोपं गेली आणि गावातल्या डिशही गेल्या. आमच्या डिशच्या पुढचा डोळ्यासारखा भाग तुटून लोंबत होता. त्या संध्याकाळी टेसाचा फोन आला. गारांचं नुकसान सांगताना मी डिशचंही बोलून गेले. ती म्हणाली, "डिश? आई, तुम्ही टीव्ही कधीपासून बघायला लागलात?" मी काहीच बोलले नाही. दिलेला शब्द मी मोडला नाही, नुसती गप्प बसले. पण माझ्या लेकीला माझं गप्प बसणं चांगलं समजतं.

ओर्विलनं कंपनीला फोन लावला. तिकडची बाई फार गोड बोलली. शुक्रवारी दुपारी आमचा माणूस तुमच्या पत्त्यावर येईल, म्हणाली. फोन ठेवल्यावर ओर्विल हसत माझ्याकडे वळला आणि मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. आमचा पत्ता ड्वेनचा होता.

मी म्हटलं, राहू दे, डेन्व्हर बघू. तो म्हणाला, "माव्हिस, गेले तीन दिवस ती दिसलेली नाही." एवढंच म्हणाला आणि पाना घेऊन शिडीवर चढला. दुखऱ्या गुडघ्यानं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

शुक्रवारी आम्ही डिश, खांब, टीव्ही आणि भरलेल्या रन्झांचा डबा पिकअपमध्ये घालून निघालो. आत कोबी आणि खिमा घातलेले ते पाव मी माणूस खूश व्हावा म्हणून केले होते. ड्वेनच्या फाटकातून आत शिरलो तर गोठ्यापुढे ड्राय फोर्कचे आणखी चार पिकअप उभे. प्रत्येकात एकेक डिश. कॅफेवाली बर्नडीन घडीच्या खुर्चीवर विणकाम करत बसली होती. पाद्री लिंडक्विस्ट मळणीयंत्राच्या मागे उभा होता. गेल्याच रविवारी त्यानं खोटं बोलण्यावर प्रवचन दिलं होतं, आणि छान दिलं होतं.

"पाद्रीबाबा, तुम्हीसुद्धा?" मी विचारलं.

"मी कंपनीला खोटं सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "बायकोनं फोन केला होता."

दुरुस्तीवाला मोरालेस सुटलेल्या पोटाचा, घामानं भिजलेला माणूस होता. त्यानं व्हॅनमधून उतरून हातातला कागद पाहिला, मग आमच्याकडे पाहिलं, मग गाईंकडे.

"पाच कामं, आणि पत्ता एकच," तो म्हणाला. "इथे राहतं कोण?"

"सगळे," ड्वेन म्हणाला. "आमचं एकत्र कुटुंब आहे."

मोरालेसची नजर पाद्र्याच्या पांढऱ्या कॉलरवर थांबली.

"हा आमचा थोरला," बर्नडीन म्हणाली. तिनं विणकामातून मानही वर केली नाही.

मोरालेसनं कागद पुन्हा वाचला. मी रन्झांचा डबा उघडला. त्यानं वास घेतला, सुस्कारा सोडला आणि हत्यारं काढली. पण कंपनीचा नियम कडक होता: दुरुस्तीनंतर चित्र दिसलंच पाहिजे, त्याशिवाय काम झालं असं लिहायचं नाही. म्हणून आमची डिश त्यानं कुंपणाच्या खांबाला बांधून फिरवली आणि टीव्ही गोठ्यातल्या गवताच्या गंजीवर ठेवला. चित्र आलं तेव्हा सहाच्या बातम्या चालू होत्या. ओर्विलनं खिशातून कंगवा काढला.

टेसा आली. निळाच कोट. तिनं पूर्वेकडचं सांगितलं, उत्तरेचं सांगितलं. मग ती नकाशाच्या डाव्या कडेला गेली आणि कड ओलांडून पुढे गेली. तिथे नकाशा नव्हता, स्टुडिओची करडी भिंत होती. तिनं भिंतीवर बोट ठेवलं.

"इथे ड्राय फोर्क आहे," ती म्हणाली. "आमच्या नकाशात येत नाही, पण आहे. तिथे आज पुन्हा गारा पडतील. उरलेली टोमॅटोची रोपं आत घ्या. आणि ज्यांचा गुडघा दुखतो त्यांनी डिश बघायला शिडीवर चढू नये."

बर्नडीनच्या सुया थांबल्या. ओर्विलचे डोळे भरले होते आणि ते त्यानं पुसलेही नाहीत. मग क्रीडावार्ता सुरू झाल्या, तसा त्यानं माझ्यापुढे हात केला. मी फोन स्पीकरवर टाकून दिला. नंबर त्याला पाठ होता.

कशी आहेस असं काही त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "टेसा, आम्ही घरी नाही. ड्वेनच्या गोठ्यात आहोत. इथलं काय?"

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा गुडघा काय म्हणतो?"

"दुखतोय," ओर्विल म्हणाला. "थँक्सगिव्हिंगपासून दुखतोय. मी बोलायला नको होतं, पोरी."

तिचं नाक ओढणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मग ती म्हणाली, पश्चिमेला जाऊ नका, रस्त्यात गारा गाठतील. दहाच्या बातम्यांपर्यंत मी मोकळी आहे, ड्वेनकाकाकडे यायला मला अर्धा तास लागतो. तिथेच थांबा.

ओर्विलनं फोन मला परत दिला, कंगवा खिशात घातला आणि ड्वेनकडे वळला.

"ड्वेन, आज आम्ही इथे राहतोय."

"कागदावर तेच तर लिहिलंय," मोरालेस तिसरा रन्झा उचलत म्हणाला.