ताराकॅमेऱ्याची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. डोक्यावर घालायची नव्हे, डोळ्यावर घालायची. उपग्रहाला एक डोळा असतो, त्याला ताराकॅमेरा म्हणतात. वर काळोखात गेल्यावर आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे हे उपग्रहाला कळत नाही. तेव्हा हा कॅमेरा तारे पाहतो आणि दिशा सांगतो. जमिनीवर असेपर्यंत त्याच्या भिंगावर धुळीचा कणही बसू द्यायचा नाही, हे माझं काम.

माझा जन्म एका लेथवर, म्हणजे धातू तासायच्या यंत्रावर झाला. घडवणाऱ्या कारागिराने माझी कड पुन्हा पुन्हा बोटाने चाचपली, कुठे टोचत नाही ना ते पाहिलं. मग मला लालभडक रंग दिला, आतून मऊ अस्तर लावलं आणि एक हातभर लांब लाल फीत बांधली. फितीवर लिहिलं होतं, ‘उड्डाणापूर्वी काढा’. आता तुम्हीच सांगा, जन्मतःच गळ्यात असली पाटी अडकवलेली कुणाला आवडेल? सगळे वर जाणार आणि मी तेवढी खाली! मी चांगलीच खट्टू झाले.

पण कामाला लागले आणि खट्टू व्हायला सवडच उरली नाही. एक उपग्रह गेला की मला पुढच्यावर बसवत. पेटीत बसून मी दूरदूरची उड्डाणतळं पाहिली. कुठे समोर समुद्र, कुठे नुसती वाळू, कुठे श्वासाची वाफ होईल अशी थंडी. भाषा वेगळ्या, जेवण वेगळं, माणसं मात्र सगळीकडे सारखीच. मोठमोठी गणितं चुटकीसरशी सोडवणारी ही मंडळी उड्डाणाच्या दिवशी शकुनाचा तोच जुना, भोक पडलेला मोजा घालून येतात आणि कुणी विचारलं तर म्हणतात, “छे, सहज हाताला लागला.” मी त्यांना हसते खरी, पण एका स्क्रूसाठी अख्खी दुपार गुडघ्यांवर घालवणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

त्यांच्यात सगळ्यांत कडक होती आत्या. ती कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. जोडणी विभागाची प्रमुख होती आणि सगळ्यांना आत्यासारखी झापायची, म्हणून आत्या. तिचा नियम असा, की ज्याने टोपी घातली त्यानेच ती काढायची आणि दाराजवळच्या फळ्यावर तिच्या खुंटीला टांगायची. फळा भरला आणि उपग्रहावर कुठे लाल दिसेनासं झालं, की रॉकेटच्या टोकाचं कवच बंद.

दुसरा माझा लाडका चष्मा, सगळे त्याला याच नावाने हाक मारत. म्हणजे ताराकॅमेरा बनवणारा इंजिनियर. भिंगांत डोकं घालून त्याचे केस पांढरे झाले होते. या वेळचा उपग्रह वादळांवर नजर ठेवणार होता, म्हणजे समुद्रावरच्या होड्यांना वेळीच सावध करता येणार होतं. “हिचे डोळे माझ्याकडून आलेत,” असं चष्मा उपग्रहाबद्दल सांगायचा. जसं काही लेकच!

तोवर पुसून पुसून माझा रंग उडाला होता. अंगावर नुसती पिवळट धातूची झाक उरली होती. माझ्या जागी नवी कोरी टोपी आली. चष्म्याने ती माझ्या खुंटीला अडकवली आणि मला म्हणाला, “ही शेवटची खेप तूच कर. तुझ्यावर माझा हात बसलाय.” हे त्याने आत्याला मात्र सांगितलं नाही.

मग वर्तमानपत्रांसाठी फोटो काढायचा ठरला. चष्मा कुरकुरला, “ही फीत बघा, बैठकीच्या खोलीत टॉवेल वाळत घातल्यासारखी दिसतेय!” आणि त्याने माझी फीत उपग्रहाच्या सोनेरी वेष्टणाच्या आत खोचून दिली. फोटो झकास आला. चहाची हाक आली. फीत आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी कवच बंद करायचं होतं आणि चष्मा शिंकत आला. आत्याने त्याला दारातच अडवलं.

“बाहेर. काचेतून बघ.”

“आत्या, टोपी काढण्यापुरता येतो ना!”

“नाक घरी ठेवून ये, मग ये. तुझी टोपी मी काढते.”

बाकीच्यांनी आपापल्या टोप्या काढून फळ्यावर टांगल्या. आत्या आमच्यापाशी आली, तर लाल काही नाही; माझं पिवळट अंग सोनेरी वेष्टणात मिसळून गेलेलं. फळ्याकडे पाहिलं, तर माझी खुंटी भरलेली. “काल फोटोच्या वेळीच काढली वाटतं,” ती पुटपुटली आणि क्रेनला खूण केली. कवचाचा एक अर्धा भाग बसला. दुसरा हळूहळू जवळ येऊ लागला. माझा जीव टांगणीला लागला. त्या पोरीला जन्मभर आंधळं ठेवणारी मीच ठरणार होते! पण टोपीला कुठला आवाज?

बाहेर चष्मा नाकाला रुमाल लावून काचेतून फळ्यावरची टोपी कौतुकाने न्याहाळत होता. तिच्या फितीला पाकिटातल्या घड्या तशाच होत्या. ही तर कधी कॅमेऱ्यावर चढलीच नाही! मग जुनी कुठेय? त्याचा चेहरा पडला. काचेपाशी उड्डाणासाठी आलेल्या पाहुण्यांची गर्दी होती. बोलावं तर सगळ्यांदेखत स्वतःची शोभा. त्याने काचेवर थाप मारली आणि भिंतीवरचा फोन उचलला.

“आत्या, थांबवा! जुनी टोपी आतच आहे.”

“फळ्यावर आहे की.”

“ती नवी आहे, मीच टांगली. आणि जुनीची फीत... फोटोत चांगलं दिसावं म्हणून मीच आत खोचली.”

पाहुण्यांपैकी कुणीतरी च् च् केलं. “क्रेन थांबवा. उघडा परत,” आत्या म्हणाली.

बसलेलं कवच सोडवणं म्हणजे खेळ नव्हे. पण कुणी तोंड वाकडं केलं नाही. शेवटी आत्या स्वतः फळीवर आडवी झाली, वेष्टणामागे बोटं घातली आणि फितीला धरून मला अलगद ओढलं. मला काचेसमोर उंच धरलं.

“फोटो छान आलाय हो तुझा,” आत्या फोनवर म्हणाली. “चौकटीत घालून माझ्या टेबलासमोर लाव. रोज बघून तुला शिव्या देईन.” मग हळूच म्हणाली, “वेळेवर बोललास बाबा.”

रॉकेट उडालं तेव्हा मी चष्म्याच्या मुठीत होते. पुढे वरून निरोप आला, ‘तारे ओळखले.’ चष्म्याने मोठ्याने नाक शिंकरलं. या वेळी सर्दीमुळे नव्हे, हे आत्यालाही कळलं.

मित्रांनो, काही वस्तू डोळ्यांत खुपाव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात. धोक्याचा दिवा, पायरीच्या कडेची पिवळी पट्टी, माझी फीत. नीटनेटकं दिसावं म्हणून त्यांना झाकू नका. आणि चूक आपल्या हातून झाली असेल, तर कवच बंद व्हायच्या आत काचेवर थाप मारा. मोठी माणसं रागावतील. पण उघडतील.