आठची गोळी

पाच वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या भावाला, देवमनला, माझी एक किडनी दिली. तेव्हापासून सकाळी आठ आणि रात्री आठची गोळी त्याला देणं हे माझं काम. गिळली की तोंड उघडून दाखवायला लावते. शाळेत मुलांना जंताच्या गोळ्या मी अशाच दिल्या. तीस वर्षांच्या नोकरीनं दमवलं नाही इतकं या दोन आठांनी दमवलं.

गोळी कशासाठी, ते डॉक्टरांनी समजावलं होतं. रक्तातल्या पहारेकरी पेशींनी परकं काही ओळखलं की त्या धावून जातात. गोळी त्यांच्या आतलं एक प्रथिन अडवून धरते, मग त्या जागच्या हलत नाहीत. एका मायच्या पोटची आम्ही दोघं, तरी माझी किडनी त्याच्या अंगाला परकीच! मला तर रागच आला होता.

रक्तात गोळी किती आहे हे दर महिन्याला तपासायचं. आधी अकोटला घरीच सकाळी सातला माणूस येऊन रक्त न्यायचा. चार महिन्यांपूर्वी त्यानं काम सोडलं, मग आम्ही एसटीनं अकोल्याला जाऊ लागलो. उपाशीपोटी जायचं म्हणून मी देवमनला चहाचा घोट देत नसे. गोळी मात्र बरोब्बर आठला, चोहोट्टा बाजारच्या आसपास, गाडीतच. गोळी म्हणजे काही खाणं नव्हे, असं माझं शहाणपण.

प्रमाण जास्त आलं म्हणून डॉक्टरांनी दोनदा गोळी कमी केली. तरी देवमनच्या पायांवर सूज आली आणि वाढतच गेली. किडनी जाते की काय, या धास्तीनं माझी झोप उडाली.

एरवी दवाखान्यात देवमन रक्त द्यायला आत गेला की मी बाहेर बाकावर डोळे मिटून बसायची. आज आत गेले.

"सकाळची गोळी घेतली नाही ना?" सिस्टरनं विचारलं.

"नाही," देवमन म्हणाला.

"नाही कसा? मीच तं देली तुले!"

सिस्टरनं सुई खाली ठेवली. "मावशी, आधी रक्त, मग गोळी. ताज्या गोळीनं आकडा फुगतो. तो पाहून डोस कमी केला, म्हणजे पेशी मोकळ्या सुटल्या." ती डॉक्टरांना बोलवायला धावली.

माझ्याच हातानं झालं होतं हे.

"तू खोटं काहून बोलला?"

"दुसऱ्या खेपेलेच तिनं विचारलं होतं. तवाच समजलं मले." तो खाली पाहत होता.

"मंग गोळी खिशात ठेवाची होती!"

"तू तोंड उघडाले लावते ना, ताई. आन् पाच वर्सं घड्याळाले बांधून राहिली तू. तुले चुकली म्हणू कसा?"

डॉक्टर आले. त्यांनी सूज दाबून पाहिली, आजच भरती व्हा म्हणाले. किडनी वाचेल का, मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले.

मला रडूही आलं नाही, इतकी मी थकले होते.

"माह्या मनाले जपलं तू, देवमन," मी म्हटलं. "माह्या किडनीले नाही जपलं."