दोनशे दहा ओहम

काटा सपकन उजवीकडे गेला आणि उजव्या टोकाच्या शून्याच्या रेघेपासून केसभर अलीकडे थांबला. त्या केसभर जागेत माझे दोन वर्षांचे काम होते. मीटरचे बटण हजारांच्या पट्टीवर होते. ते खालच्या पट्टीवर आणले असते तर काट्याने दोनशे दहा ओहम स्वच्छ दाखवले असते. पण कैरोच्या मुहम्मद अली रस्त्यावर ते बटण कोणी हलवत नाही.

"शॉर्ट," शौकी म्हणाला. मग दाराबाहेरच्यांनाही ऐकू जावे म्हणून मोठ्याने म्हणाला, "मेलेलं पिकअप बसवलंय माझ्या गिटारमध्ये!"

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसणारे, त्यांचा कंप विजेत पकडणारे वेटोळे. आमच्या रस्त्याची ही रीतच आहे. गिऱ्हाईक गिटारला वायर लावते, वायरीच्या दुसऱ्या टोकाला मीटर टेकवते आणि आकडा चारचौघांत वाचते. आठ हजार ओहम आले तर पिकअप 'आठाचे', नऊ हजार आले तर 'नवाचे'. नवाचा वाजवणारा आठाच्या वाजवणाऱ्याला आधी सलाम करत नाही. आकडा म्हणजे फक्त वेटोळ्यातल्या तारेची लांबी आणि बारीकपणा. बारीक तारेचे हजारो वेढे घातले की आकडा वाढतो, आवाज दणदणीत होतो, आणि आसपासच्या दिव्यांची सगळी घरघरही त्या तारेत शिरते.

शौकी माझ्या भावाकडे आला तो त्या घरघरीमुळेच. तो लग्नांत गिटार वाजवतो. नाईलकाठच्या मोठ्या हॉलांमध्ये नवरानवरीची वरात आत येताना दिवे मंद करतात, आणि नेमक्या त्याच क्षणी, जेव्हा सगळे गप्प असतात आणि फक्त त्याने वाजवायचे असते, त्याची गिटार तळणीसारखी चरचरायला लागायची. वग्दीने, म्हणजे माझ्या भावाने, त्याला नवी गिटार करून दिली. अक्रोडाचे अंग, आणि मानेवर जादा पडदे, आपल्या संगीतातले दोन सुरांच्या मधले सूर वाजावेत म्हणून. वग्दीचा हात लाकडावर फार चांगला आहे. ते मी कधी नाकारले नाही.

आतले काम माझे. मी जाड तारेचे थोडेच वेढे घातले, एकमेकांना उलट अशा दोन वेटोळ्यांत. त्यातून आवाज लहान निघतो, पण घट्ट निघतो. लांब वायरीतून जाताना तो दिव्यांना दाद देत नाही. वायरीच्या शेवटी, अँप्लिफायरजवळ, एका डबीत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो त्याला मोठा करतो. एवढेच. रस्त्यावर माझी ही पिकअपची पहिली जोडी होती. ती फसली, तर पुढे कोणीही माझ्या हातचे वेटोळे आपल्या वाद्यात बसू देणार नव्हते.

"मेलेलं नाही," मी म्हणाले. "बटण खाली आणा."

"बटण फिरवूनच आकडा आणायचा असेल, तर माझं गाढवसुद्धा दहाचं निघेल, इंजिनियरबाई."

बाहेर दोघेतिघे हसले.

"डबी लावून वाजवून बघा."

"मी डबी वाजवायला आलोय की गिटार? वग्दी, तुझ्या वडिलांनी कधी डब्या विकल्या का रे?"

वग्दी हात पुसत पुढे आला. त्याने शौकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "उस्ता, गुरुवारी या. मी स्वतः बघतो."

शौकी गेल्यावर मी विचारले, "काय बघणार आहेस तू?"

"त्याला समजावतो."

"कसं?"

"त्याच्या भाषेत. तुझ्या भाषेत समजावून झालं ना? बघितलंस काय झालं ते."

"आतल्या कामाला हात लावू नकोस, वग्दी."

"दुकान कोणाचं आहे?"

हा प्रश्न आमच्यात वडील गेल्यानंतरचा चाळिसावा दिवस झाल्यापासून पडून होता. पाटीवर 'उस्ता बरसूम आणि मुलगा' असे लिहिलेले आहे; उस्ता म्हणजे उस्ताद, आणि वडील उद बनवायचे, फुगीर पोटाचे तंतुवाद्य. वडिलांनी ते मी शाळेत असताना लिहून घेतले होते, आणि नंतर पाटी पुसून काही वाढवावे असे कोणालाच वाटले नाही. शहराच्या शुब्रा भागात आईच्या शेजारची खोली रिकामी होती. तिथे उजेड चांगला होता आणि वेढे घालायचे माझे यंत्र मावले असते. मी आईजवळ विषय काढला की ती म्हणायची, दुकान फोडू नकोस, निदान सण तरी होऊ दे. आमच्याकडे एक सण गेला की दुसऱ्याचा उपास सुरू होतो. मी दर वेळी सण होऊ देत होते.

गुरुवारी सकाळी मी शिकवते त्या तांत्रिक संस्थेत माझे तास होते. दुपारी दुकानात आले तेव्हा गिटार गेलेली होती. वग्दी खुशीत होता. त्याने मला चहासुद्धा मागवला.

"पटलं त्याला," तो म्हणाला.

"काय पटलं?"

"आठ आणि वर थोडं. सगळ्यांसमोर वाचलं त्याने. शेजारच्या हाज झगलूलनी टाळी दिली."

"दोनशे दहाचे आठ हजार कसे झाले?"

"तू चहा पी."

मी तो चहा प्यायले नाही. पण गिटार माझ्यासमोर नव्हती, आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आरोप करायची मला सवय नाही. वग्दीला माझी ही सवय लहानपणापासून माहीत आहे.

शनिवारी भर दुपारी शौकी आला. गिटारची पेटी त्याने टेबलावर आपटली नाही. सावकाश ठेवली. मला तेच जास्त वाईट वाटले.

"काल लग्न होतं," तो म्हणाला. "मंत्रालयातल्या माणसाच्या मुलीचं. दिवे मंद झाले. मी पहिला सूर लावला. माशी बोलली असती तर जास्त जोरात बोलली असती. जाड तारांना अंगच नाही, आणि वर चरचर होतीच. नवरी माझ्याकडे वळून बघायला लागली. लग्नात नवरीने कोणाकडे बघायचं असतं, इंजिनियरबाई?"

"माझ्याकडे द्या ती," मी म्हणाले.

"तुझ्याकडे? तुझ्याचमुळे झालं हे."

मी वग्दीकडे पाहिले. आता तरी तो बोलेल असे मला वाटले. त्याने पटाशी खाली ठेवली आणि म्हणाला, "उस्ता, मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो, हे हिचं खूळ आहे. पुस्तकातलं इथे चालत नाही. काढून टाकतो दोन्ही, नेहमीची नवाची बसवतो. बहीण आहे, हौस होती, करू दिली. माझीच चूक."

दारात आता शेजारी जमले होते. हाज झगलूल सगळ्यांत पुढे. ते लग्नाचे दिवे भाड्याने देतात आणि भांडण फुकट बघतात.

मी पेटी उघडली, गिटार पालथी केली आणि मागच्या झाकणाचे स्क्रू काढायला लागले.

"दिमयाना," वग्दी हळूच म्हणाला, "राहू दे."

झाकण निघाले. वायर लावायच्या भोकाजवळ, मी जिथे साधी तार जोडली होती तिथे, एक रेझिस्टर होता. करडा, लाल, लाल पट्टा. सोल्डरचा थेंब मोठा आणि मळकट. वग्दीचा सोल्डर मी कुठेही ओळखते.

"आठ हजार दोनशे," मी पट्ट्यांच्या रंगांवरून वाचले.

"हो, म्हणजे आठाचंच आहे की," हाज झगलूल म्हणाले.

"हाज, हे पिकअप नाही. हा नुसता अडथळा आहे. आवाजाच्या वाटेत उभा केलाय. मीटर तो मोजतं आणि खूश होतं. आवाज बिचारा त्याच्यातून पिळून निघतो. खालचे सूर त्या डबीपर्यंत पोचतच नाहीत, आणि वायर पुन्हा दिव्यांची झाली."

शौकी वग्दीकडे वळला. "तू घातलास हा दाणा?"

"तुला आकडा हवा होता," वग्दी म्हणाला. त्याचा चेहरा तांबडा झाला होता, पण आवाज वर गेला नाही. "सगळ्या रस्त्याला ऐकवायचा होता. दिला. आवाज हवा होता तर आवाज मागायचास."

"मला दोन्ही हवं होतं, भल्या माणसा!"

"मग लग्न कर दोघींशी," बाहेरून कोणीतरी म्हणाले. हशा पिकला. मी कात्रीने रेझिस्टर कापला, तार पूर्वीसारखी जोडली आणि हाज झगलूलना त्यांचा दिवे मंद करायचा बोर्ड आणायला सांगितले. ते तोंडाने कुरकुर करत, पायाने जवळजवळ धावत गेले. बोर्डाला दिव्यांची माळ होती. मी ती गिटारच्या शेजारी टेबलावर पसरली, बोर्डाचा दांडा निम्म्यावर आणला, कारण घरघर निम्म्यावर सगळ्यांत वाईट असते, आणि वायर, डबी, अँप्लिफायर जोडले.

काहीच ऐकू आले नाही.

हाज झगलूल वाकून आपला बोर्ड बघायला लागले. "चालू आहे ना रे हे? की माझंच बिघडलं?"

शौकीने गिटार उचलली. बयाती या सुरावटीतला एक तुकडा वाजवला. सावकाश, जाड तारेवरून वर जाणारा. मधले सूर त्या जादा पडद्यांवर अगदी जागेवर बसले. ते वग्दीचे काम होते. सुरांच्या मधल्या शांततेत रस्त्यावरचे भोंगे ऐकू येत होते, इतकी ती शांतता स्वच्छ होती. ते माझे काम होते. शौकीने डोळे मिटले. तो तुकडा त्याने पुन्हा वाजवला. वग्दीही ऐकत होता. त्याला कान आहे. त्याला सगळे कळले होते, हे मला दिसले, आणि मला कळले आहे हे त्यालाही दिसले.

शौकी थांबला. त्याने डबीतून वायर काढली आणि खिशातून मीटर बाहेर काढले.

काटा सपकन उजवीकडे गेला.

"अजून शॉर्टच," तो म्हणाला.

"तुम्ही आत्ता ऐकलंत."

"ऐकलं. मी ऐकलं, हाजनी ऐकलं. पण आमच्या ताफ्यातला फरगली नवाचं घेऊन फिरतो. उद्या तो माझ्या गिटारला मीटर लावेल, सगळ्यांसमोर. तेव्हा मी काय सांगू? मुहम्मद अली रस्त्यावरची एक बाई म्हणते चांगलं आहे?"

"वाजवून दाखवा."

"आधी आकडा वाचतात, मग वाजवायला बोलावतात. तू कधी लग्न मिळवलंयस का?" त्याने कापलेला रेझिस्टर टेबलावरून उचलला आणि माझ्यापुढे धरला. "परत घाल."

"आणि वरातीत दिवे मंद होतील तेव्हा?"

"ढोलवाल्याला जोरात वाजवायला सांगतो."

यावर कोणी हसले नाही. हाज झगलूल आपली दिव्यांची माळ गुंडाळायला लागले. "बाई, गिऱ्हाइकाचं म्हणणं आहे," ते माळेकडे बघत म्हणाले. त्यांनीही ऐकले होते. दारातल्या सगळ्यांनी ऐकले होते. पण ऐकलेले प्रत्येकाने आपापल्या घरी न्यायचे होते. आकडा मात्र रस्त्यावर राहणार होता.

वग्दीने तापलेले सोल्डरिंग आयर्न उचलले आणि मूठ माझ्याकडे करून पुढे केले.

"घाल," तो म्हणाला. "तूच घाल, म्हणजे माझ्यासारखं मळकट नको. आणि पुढच्या वेळेपासून आधीच घालत जा, वेढे संपले की लगेच. जाड तारेचं तुला जे करायचं ते कर, मी अडवत नाही. भोकाशी आठ दिसले पाहिजेत. बाबांनी कधी गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नाही."

"बाबांनी कधी उदाच्या आत बोळे कोंबून वजन वाढवलं नाही."

"तोंड सांभाळ."

"मी सांभाळूनच बोलते आहे, वग्दी. इतकी वर्षं सांभाळूनच बोलले."

"मग आता काम कर. माणूस थांबलाय."

शौकीने घड्याळ पाहिले. वग्दीचा हात तसाच पुढे होता, आणि त्याला माझी इतकी खात्री होती की तो चेहऱ्यावर राग आणायचे कष्टही घेत नव्हता. मी ते सोल्डरिंग आयर्न घेतले, हे त्याने पाहिले. मी ते स्टँडवर ठेवले आणि त्याची पिन भिंतीतून काढली, हेही त्याने पाहिले.

"वग्दी," मी म्हणाले, दारातल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "मी दुकानातून वेगळी होते. शुब्रात, माझ्या नावाने. आईला मीच सांगेन."