रेजिनाची मोजणी

धोंडू परबाचा पाय मोडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारची रेजिना पेजेचं भांडं पदराने धरून त्याच्या घरापुढच्या खळ्यात आली. तिला बघून धोंडूच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिला काय हवं असेल?

असं वाटायला कारण होतं. आरोंद्यात खाडीच्या अंगाला परबांचं आणि रॉड्रिक्सांचं घर एकमेकांना लागून. चाळीस वर्षांत दोन्ही घरांमधल्या दगडी गडग्यावरून शिव्यांखेरीज काही इकडचं तिकडे गेलं नव्हतं. रेजिनाच्या सासऱ्याने, पेद्रूने, हद्दीचा दगड बदलून विहीर आणि तीन माड आपल्याकडे ओढले, असं धोंडूचा बाप मरेपर्यंत सांगत राहिला. पेद्रूने दोन साक्षीदार उभे केले, मोजणी त्या नव्या दगडापासून झाली आणि म्हातारा कोर्टात हरला. गाव हसलं. 'खोटारडो परब' हे नाव त्याला चिकटलं ते कायमचं. पुढे पुढे तर धोंडूलाही वाटू लागलं होतं, की म्हाताऱ्याने ते रचलेलंच असावं. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, फोंडाघाटला दिलेल्या बहिणीलाही नाही.

आता घरात तो एकटा. बायको वारलेली, मुलगा जितेंद्र डोंबिवलीला. शेवाळलेल्या पायरीवरून घसरला आणि सहा आठवड्यांचं प्लास्टर पायाला बसलं.

"पेज हाडलंय. वांगडा सुक्या बांगड्याची किसमूर आसा," रेजिना म्हणाली. भांडं ठेवताना तिने कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना बोटं लावली. धोंडूने ते बरोबर हेरलं.

ती गेल्यावर त्याने वाटीभर पेज मांजराला घातली. तासभर मांजराकडे बघत बसला. मांजर खाऊन उन्हात पसरलं, तेव्हा कुठे तो जेवला. पेज चांगली होती, त्याचा त्याला जास्तच राग आला.

रेजिना रोज येऊ लागली. पेज ठेवायची, खळं झाडायची, हंडा भरून द्यायची. बसायची नाही. देवाबद्दल, चर्चबद्दल चकार शब्द काढायची नाही. दुकानदार बाळा मात्र बिड्या द्यायला आला की मुद्दाम रेंगाळायचा. "आज पेज, उद्या गळ्यात खुरूस. बघ हां धोंडू!" असं म्हणून छातीवर बोटाने क्रूस काढून हसायचा. जितेंद्रचं फोनवर वेगळंच चालायचं, "बाबा, त्यांना विहिरीकडची वाट पक्की करून हवी असेल. कशावर सही करू नका."

धोंडू पाळत ठेवू लागला. खुर्ची त्याने मुद्दाम गडग्याच्या बाजूला ओढून घेतली. एकदा रेजिना विहिरीपाशी नुसतीच उभी दिसली, कपडे धुवायच्या दगडाकडे बघत. एकदा तिचा नवरा इनास आणि ती घरात मोठमोठ्याने भांडली. त्यात 'परब' हा शब्द दोनदा ऐकू आला. आणखी एकदा तर पेज ठेवल्यावर ती उंबरठ्याशी थांबली, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि गेली. शिजतंय काहीतरी, धोंडूने मनाशी खूणगाठ बांधली.

पाचव्या आठवड्यात पोस्टमनने नोटीस आणून दिली. लगतचे कब्जेदार धोंडू परब यांस कळवण्यात येते की इनास पेद्रू रॉड्रिक्स यांच्या जमिनीची मोजणी अमुक तारखेस होणार आहे, तरी हजर राहावे. धोंडूच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे विहीर गिळून पोट भरलं नाही, आता खळ्यावर डोळा!

दुसऱ्या दिवशी रेजिना आली तेव्हा तो कुबडीवर उभाच होता.

"भांडां तसाच परत ने," तो म्हणाला. "पेज घालून घालून माका गप करूक बघतंस? बापूस माझो ह्याच भांडणात गेलो. आता माझी पाळी?"

रेजिनाने भांडं खाली ठेवलं.

"मोजणी मी लावलंय, धोंडूभाव. इनासाक सही करूक लावलंय ती सुद्धा मीच. तो अजून माझ्याशी धड बोलणा नाय."

"कित्याक पण?"

"तुमचो बापूस खरो बोलत होतो."

धोंडूला कळेचना. ती पुढे बोलत राहिली, खाली बघत. तिची सासू पिदाद मे महिन्यात गेली. जायच्या आधी दोन दिवस तिने रेजिनाचा हात धरला होता आणि सांगितलं होतं, जुना दगड पेद्रूने जागच्या जागीच, कपडे धुवायच्या दगडाखाली पुरला. चाळीस वर्षं त्या दगडावर कपडे आपटले, पण एक दिवस विसरले नाही, म्हणाली.

"मे म्हयन्यात कळला, आणि आता सांगतंस?" धोंडूचा आवाज चिरकला.

"भियालंय. बाव गेली तर पाणी खंयसून हाडूचा? इनास म्हणता, मेल्या माणसांची भानगड, आमी कित्याक उकरूची? माकाय तसाच वाटला. पण रविवारी चर्चीत मिसाक कम्युनियनचो प्रसाद घेवक फुडे गेलंय की हात वर होयना. तीन रविवार तशीच बाकावर बसान रवलंय. लोक इचारूक लागले."

"म्हणान ही पेज? पापाची भरपाई?"

रेजिनाने आता वर बघितलं. "पेज तुमच्या पायासाठी. पण खरां सांगतंय, रोज येताना म्हणा, आज सांगतलंय. आणि रोज तशीच परत जाय."

धोंडू खुर्चीत बसला. म्हणजे आपला संशय अगदीच खोटा नव्हता, असं त्याला वाटलं, पण त्यात समाधान नव्हतं. "माका एकट्याक सांगान काय उपयोग?" तो म्हणाला. "बापूस चार लोकांत खोटो ठरलो."

"मोजणीच्या दिवशी चार लोकांतच सांगतलंय," ती म्हणाली.

तरी धोंडूचा विश्वास बसला नाही. ऐनवेळी फिरेल, त्याने धरून ठेवलं.

मोजणीच्या दिवशी अर्धी वाडी जमली. दुकान बंद करून बाळाही आला. भूमापकाने नकाशा पसरला तेवढ्यात रेजिना पुढे झाली. "साहेब, सुरुवात चुकीच्या दगडापासून होते आहे. खरा दगड इथे आहे," ती शुद्ध मराठीत म्हणाली. मग वाडीकडे वळून मोठ्याने बोलली, "माझ्या मामंजीन दगड बदललो. परबांचो म्हातारो खरो होतो. आमी खोटे."

इनास काळवंडलेल्या चेहऱ्याने उभा होता. पण पहार त्यानेच आणली आणि धुवायचा दगड त्यानेच उलथला. हातभर खाली जांभ्याचा चौकोनी दगड लागला, वर सरकारी खूण कोरलेली. भूमापकाने फीत लावली. विहीर आणि तिन्ही माड परबांच्या हद्दीत आले.

"म्हातारो खरोच निघालो रे," बाळा हळूच म्हणाला. धोंडू कुबडीवर टेकून उभा होता. सगळ्यांसमोर त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

मग तो वाट बघू लागला. आता रेजिना पाणी मागायला येईल, म्हणजे तिच्या खरेपणाची किंमत कळेल. ती आली नाही. दोन दिवस ती आणि इनास वरच्या सरकारी नळावरून कळश्या आणताना दिसली. घाटीच्या पायऱ्या उतरून येताना इनास दोनदा थांबायचा. पेज मात्र सकाळी वेळेवर आली.

तिसऱ्या दिवशी इनास कळशी घेऊन निघाला तसा धोंडू गडग्याशी आला.

"इनासा, हयसून भर पाणी."

इनास थांबला. त्याने धोंडूकडे डोळे बारीक करून बघितलं. "बदल्यात काय व्हया तुका?"

"काय नको."

"कायतरी आसतलांच."

"नाय रे," धोंडू म्हणाला. आपण खरं बोलतोय हे याला कसं पटवायचं, ते त्याला सुचेना.

इनास तसाच वर नळावर गेला. आणखी आठवडाभर जात राहिला. मग एका सकाळी विहिरीवर रहाट वाजला. धोंडू बघायला बाहेर गेला नाही. तो आतल्या खोलीत फोनवर होता. बहिणीला सगळं पहिल्यापासून सांगत होता, आणि पलीकडून यशोदा मध्येच त्याला थांबवून पुन्हा पुन्हा विचारत होती, "वाडीसमोर म्हणाली? सगळ्यांच्या समोर?"