राजलक्ष्मीआजींच्या हातचं

दुकानात फोटोवाला येणार म्हटल्यावर कमळाबाईने आदल्या दिवशीच निळ्या काठाची पांढरी साडी इस्त्रीला दिली. दादरच्या राजलक्ष्मी गृहउद्योगात मागच्या खोलीत बावीस वर्षं ती उकडीचे मोदक वळत होती. वाफेने बोटांवरच्या रेघा पार पुसल्या होत्या. आधार कार्डवाल्याने तीनदा अंगठा दाबून घेतला आणि कंटाळून कपाळाला हात लावला. पण त्याच बोटांतून मोदकाला एकवीस कळ्या पडायच्या, अशा नाजूक की वाटावं पिठाला नुकती जाग येतेय.

फोटोची तिला एवढी ओढ का, ते दीपिकाला ठाऊक होतं. दीपिका तिच्याच परळच्या चाळीतली, शेजारी बसून नारळ खोवायची. कमळाबाईचा नवरा दत्ताराम गेला तेव्हा भिंतीवर लावायला त्याचा धड फोटो निघाला नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केला. त्याच्या खांद्यावर अजून एक परका हात राहिलाय.

"माझा तरी एक नीट असूंदे गो," ती म्हणायची, "खाली नाव लिवलेला."

मालक मनमोहनराव. त्यांची सून मधुरा हल्ली धंद्यात लक्ष घालत होती. तिने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आजकाल लोकांना नुसता माल नको असतो. तो कोण करतं, ते बघायचं असतं. मागचे हात पुढे आणायचेत आपल्याला."

मागचे हात एकमेकांकडे बघून लाजले.

फोटोवाला विहंग, पोरगा गुणी. दिवे लावले, त्यांवरच्या पांढऱ्या छत्र्या उघडल्या, मग वही काढली. "मावशी, पूर्ण नाव?"

"कमळा दत्ताराम गमरे." बाईने एकेक अक्षर मोदकासारखं वळून त्याच्या हातात ठेवलं. त्याने लिहूनही घेतलं.

तेवढ्यात मधुरा हिरवी नऊवारी आणि नथ घेऊन आली. "कमळाबाई, हे घाला ना. पारंपरिक दिसेल."

"नथ नाय घालत मी, वहिनी. हे गेल्यापासून नाय."

"फोटोपुरतं हो! आणि गळ्यातलं ते पदक जरा आत सरकवा, दिव्यात चमकतं."

पदक बाबासाहेबांचं होतं. कमळाबाईने क्षणभर ते मुठीत धरलं आणि पदराआड सरकवलं. नाव तर खाली येणारच आहे, तिने मनाला समजावलं. ते समजावणं पुढे तिला फार दिवस खात राहिलं.

"मावशी, कॅमेऱ्याकडे बघू नका. रोज करता तेच करा."

रोज ती गुणगुणायची. तेच केलं.

*उकड मळता बाई, वाफ येते तोंडावरी,*
*दत्तारामाची सय, दाटे माझ्या उरावरी.*

सय म्हणताना चेहरा उजळला, आणि विहंगने नेमकं तिथंच बटण दाबलं. छोट्या पडद्यावर बघून म्हणाला, "मावशी, काय आलाय! वर्षभरात असा नाही काढला मी."

गणपतीला आठ दिवस होते तेव्हा दुकानावर पुरुषभर उंचीचा बोर्ड चढला. कमळाबाई रस्त्यापलीकडे उभी राहिली. नथ, वाफ, कळ्या, ते हसू. खाली ठसठशीत अक्षरं: 'राजलक्ष्मीआजींच्या हातचं. चार पिढ्यांची चव.'

तिने दोनदा वाचलं. सातवी झालेली बाई. वाचण्यात चूक नव्हती.

राजलक्ष्मी म्हणजे मनमोहनरावांची आजी. धंदा तिने सुरू केला, आणि वारली तेव्हा मागे एकही फोटो नव्हता.

"मालक, ते नाव..." कमळाबाई गल्ल्यापाशी जाऊन म्हणाली.

"अहो, नावाचं काय घेऊन बसलात? चेहरा तुमचाच आहे ना?" मनमोहनराव हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नैवेद्याचा माल आहे, कमळाबाई. मी काही मानत नाही, पण आडनाव वाचून गिऱ्हाईक दहा प्रश्न विचारतं. समजून घ्या."

बावीस वर्षं समजूनच घेत होती. आणखी एकदा घेतलं. पण चाळीत पोरं "राजलक्ष्मीआजी आली रे!" म्हणून ओरडली, त्या रात्री तिने ताट तसंच सरकवलं.

चतुर्थीला मधुराने तिला नथ घालून गल्ल्याशेजारी खुर्चीत बसवलं. रांग फुटपाथपर्यंत. लोक बोर्डाकडे बघत, तिच्याकडे बघत, फोटो काढत. पन्नाशीतल्या एका बाईंनी तर वाकून पायांना हात लावला.

"किती गोड हो आजी! माहेर कुठलं तुमचं?"

"कोकणातलं," मधुरा झटकन म्हणाली.

"मी कमळा दत्ताराम गमरे," कमळाबाई म्हणाली. मोठ्याने नाही, पण रांगेला ऐकू जाईल इतपत. "राह्यला परळला. हे मोदक मी करते."

बाईंचं हसू जागच्या जागी थिजलं. हातातला खोका त्यांनी हळूच काचेवर ठेवला. "नाही, म्हणजे... घरी गणपती आहे ना. सोवळ्यातले आहेत ना हे?"

"हो हो, अगदी!" मधुराच्या आवाजात मध होता. "आत आमच्या सासूबाई स्वतः करतात. या फक्त फोटोसाठी आहेत."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खोका उचलला. पायांना लावलेला हात मात्र त्या बराच वेळ पदराला पुसत होत्या.

कमळाबाई उठली. नथ काढताना नाक दुखलं, पण काढली आणि काचेवर ठेवली. पदराआडचं पदक ओढून बाहेर घेतलं. आत ओल्या फडक्याखाली उकड झाकलेली होती. गार झाली की तिला कळी पडत नाही, हे मालकांच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दीपिका अर्धवट खोवलेली नारळाची वाटी हातात घेऊन दाराशी आली. कामगारांनी मागच्या दाराने जायचं, ही तिथली रीत. कमळाबाई रांगेतून वाट काढत पुढच्या दाराने उतरली.

"अहो, कम—" मधुरा ओरडली आणि थांबली. समोर गिऱ्हाइकं होती.

"आजी!" तिने हाक बदलली. "अहो आजी, कुठे निघालात?"