काजळी वर येताना

"लाल तारा आला की घाई करायची नाही. त्याच्या पोटातलं वर यायला वेळ लागतो, तेवढा त्याला द्यायचा."

तारांगणाच्या माइकवर मला पहिल्यांदा बसवताना आधीच्या निवेदिका बाई असं म्हणाल्या होत्या. त्या गेल्या आणि निवेदन माझ्याकडे आलं.

काल एका शिक्षिकेचा फोन आला होता. "आमच्या मुली कार्बन शिकतायत. तो येतो कुठून, तेवढं सांगाल ना?" सांगेन म्हटलं. दिलेला शब्द मी मोडत नाही.

आज जप आटोपून येते तर तारांगणाच्या साहेबांनी नवाच खेळ लावलेला. घुमटावर लाल तारा फुगला आणि धडाम! खुर्च्या हादरल्या.

"कसं वाटलं, ताई?"

"खोटं."

आवाज चढवायचा नाही, हे माझं रोजचं व्रत. पण आत नुसती धग उठली होती. "साहेब, हा तारा फुटत नाही. फुटतात ते याच्याहून कितीतरी जड. म्हातारपणी याच्या पोटात हेलियम जळून कार्बन होतो. मधूनमधून आत भडका उडतो, मग सगळं ढवळून निघतं आणि खालचा कार्बन वर येतो. आधी ऑक्सिजन त्याला धरून ठेवतो. तो पुरेनासा झाला की उरलेल्या कार्बनची काजळी धरते. म्हणून तर एवढा लाल!"

"एवढं सांगेपर्यंत मुलं घोरायला लागतात."

"माझ्या खेळाला कोण घोरलंय?"

"मी," यंत्रावरचे दादा पुटपुटले. "पण मी आत्ता धडामलाही झोपलोच होतो."

साहेबांना हसू आलं नाही. "म्हातारा तारा ढवळत बसलाय, हे बघायला कोण येणार?"

"म्हणजे म्हातारं झालं की एकतर फुटावं, नाहीतर गप्प पडावं?" मी घुमटाकडे बोट दाखवलं. "तुमच्या हाडामांसातला कितीतरी कार्बन असल्याच म्हाताऱ्यांनी हळूहळू सोडलेला आहे. आणि तुम्ही त्यांच्या तोंडात फटाका देता!"

"निवेदन रेकॉर्ड झालंय. आज तेच लागेल." साहेबांनी माइकची वायर उपसली आणि चक्क खिशात घातली.



बाहेर त्या शिक्षिकेच्या शाळेची बस थांबली. मुली पायऱ्यांवर टेकू लागल्या. खेळाला अजून अवकाश होता.

"घुमट तुमचा, साहेब. पायऱ्यांवर माइक लागत नाही."

मी घोटभर पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि दार हलकेच लोटून बाहेर निघाले.